चार वर्षांच्या प्रवाशाचें कोल्हापूर

कोल्हापूर पाहावयास येणाऱ्या पाहुण्यास आम्ही कोल्हापूरकर एक ठराविक वाट दाखवितों. प्रथम अंबाबाईचें दर्शन, मग भवानी मंडप व जुना राजवाडा, तिसरे प्रहरीं रंकाळा, सवड असल्यास दुसरे दिवशीं पन्हाळा व जोतिबा. आणि परततांना पायांत नवी चप्पल व हातांत गुळाची ढेप. ही वाट मीं आजवर किती पाहुण्यांस दाखविली असेल याची गणती नाहीं. परंतु गेल्या दोन वर्षांत याच शहरांतून मला एका निराळ्याच वाटेनें हिंडावें लागलें, आणि त्या वाटेवरचें कोल्हापूर कोणत्याहि प्रवासवर्णनांत माझ्या वाचनांत आलेलें नाहीं. त्याची हकीकत वाचकांस सांगावी, असें मनांत आहे.

आमच्या एकत्र कुटुंबांत चार वर्षांचा एक नातू आहे. माझ्या पुतण्याचा मुलगा. त्याचें बोलणें फार उशिरां सुरू झालें व अजूनहि तें थोडेंच आहे. हांक मारिली तर तो वळून पाहत नाहीं. पायास वाळू लागली तर किंचाळतो. मिक्सर सुरू झाला कीं कान झांकून कोपऱ्यांत जाऊन बसतो. उलट स्वतःभोंवतीं कितीहि वेळ गरगर फिरला तरी त्यास घेरी म्हणून येत नाहीं. डॉक्टरांनीं ‘स्वमग्नता’ हा शब्द उच्चारला त्या दिवशीं घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. पुढें व्यवसायोपचाराचें शिक्षण घेतलेल्या एका बाईंकडे त्यास आठवड्यांतून दोन वेळां नेऊं लागलों. बाकीचे दिवस रोज अर्धा तास घरींच अमुक अमुक खेळ घ्यावेत, असें सांगून बाईंनीं एक यादी लिहून दिली. घरांत निवृत्त मनुष्य मी एकटा. तेव्हां त्या यादीप्रमाणें सामान जमविण्याचें काम साहजिकच माझ्याकडे आलें.

यादी मोठी चमत्कारिक होती. मळलेल्या कणकेसारखें कांहीं तरी. हात बुडतील एवढें धान्याचें टोपलें. खरखरीत, गुळगुळीत व लोंकरीचीं फडकीं. उचलून नेण्याजोग्या जड वस्तु. पिळण्याच्या, फुंकण्याच्या, ओवण्याच्या वस्तु. आणि एक झोंका. पुतण्यानें मोबाइलवर तयार पेट्यांचीं चित्रें दाखविलीं. रंगीबेरंगी, सुबक, आणि किंमत हजारांच्या घरांत. मीं बाईंस विचारिलें कीं, या पेट्या मागवाव्या काय? त्या हंसून म्हणाल्या, “आजोबा, आधीं गांवांत एक फेरी मारून या. नाहीं मिळालें तें मग मागवूं.”

त्या क्षणीं मला शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची आठवण झाली. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आलेला. दासी रदनिकेनें त्याला मातीची गाडी करून दिली, ती त्याला नको. सोन्याचीच हवी म्हणून तो रडत आहे. आणि वसंतसेना आपले अलंकार उतरून त्या मातीच्या गाडींत भरते. नाटकाचें नांव त्या मातीच्या गाडीवरून पडलें, सोन्याच्या नव्हे. हें नाटक मीं अनेक वेळां वाचलें. पण रदनिकेनें ती गाडी कोणत्या मातीची व कशी केली असेल, हा प्रश्न मला या वयांत प्रथमच पडला.

यादीमागील शास्त्र थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पांच ज्ञानेंद्रियें आपण लहानपणापासून मोजीत आलों. परंतु आणखी दोन जाणिवा आहेत, ज्यांच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. एक कानाच्या आंतील भागांत राहून शरीराचा तोल सांभाळते. दुसरी स्नायू व सांधे यांतून आपला हात कोठें आहे, पाय किती जोरानें पडला, हें डोळे मिटले असतांहि मेंदूस कळविते. या सर्वांचें वृत्त मेंदूंत एकत्र येऊन त्याचा मेळ बसावा लागतो. कांहीं मुलांत हा मेळ नीट बसत नाहीं. एक वृत्त फार मोठ्यानें पोंचतें, दुसरें पोंचतच नाहीं. अमेरिकेंतील ए. जीन आयर्स या व्यवसायोपचार करणाऱ्या विदुषीनें हा विचार मांडला व १९७२ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. आमच्या बाईंची यादी त्याच परंपरेंतील.

माझी पहिली फेरी कुंभार गल्लीची. कोल्हापुरांत कुंभारांची वस्ती शाहूपुरींत आहे, गंगावेशीकडे आहे, बापट कँपांत आहे. या गल्ल्यांचें पंचांग निराळें असतें. आषाढांत बेंदुराचे मातीचे बैल, श्रावणांत नाग, भाद्रपदांत गणपति, आणि दिवाळीस किल्ल्यावरचे मावळे. मी गेलों तेव्हां बेंदूर जवळ आला होता आणि ओट्यावर बैलांच्या जोड्या ओळीनें वाळत होत्या. एका वृद्ध कुंभारणीस मीं मळलेली माती मागितली. ती म्हणाली, “मास्तर, एवढ्या मातीची काय मूर्त हुनार?” मीं खरें कारण सांगितलें. अशा वेळीं समोरचा मनुष्य बहुधा कीव करतो किंवा एखादा नवस सुचवितो. तिनें दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. मातीचा गोळा चांगला दाबून, खडे वेंचून, ओल्या फडक्यांत गुंडाळून दिला, आणि म्हणाली, “पैसं र्‍हाऊ द्या. त्यालाच घेऊन या की वो हितं. चाकाला हात लावू दे.”

येथें मातीविषयीं दोन शब्द. मूर्तीची शाडू माती पांढरट, मऊ व बोटांस अगदीं गुळगुळीत लागणारी. ती बहुतेक गुजराथेंतून येते. इकडची काळी-तांबडी माती खरखरीत, वासाची, आणि हातास चिकटणारी. बाईंनीं दोन्ही मागितल्या होत्या, कारण मुलास फरक कळावा हाच उद्देश. मूर्तिकारांकडे प्लास्टरहि विपुल असतें. तें मात्र मुलाच्या हातीं कदापि देऊं नये. पाण्यांत कालविल्यावर घट्ट होतांना तें तापतें आणि त्यांत हात रुतून बसल्यास भाजतें.

माती घरीं आली, पण नातवानें तिच्याकडे पाहिलेंहि नाहीं. ओल्या चिखलाचा एक ठिपका मनगटावर पडला तर तो अर्धा तास रडला. बाईंनीं सांगितलें होतें कीं, त्याचा हात धरून मातींत घालूं नका. पायरी पायरीनें जा. म्हणून माती झांकून ठेवून मी लक्ष्मीपुरींत धान्यबाजाराकडे वळलों.

लक्ष्मीपुरींत मी जन्मभर धान्य घेत आलों, पण तें स्पर्शानें निवडण्याचा प्रसंग प्रथमच आला. ज्वारी गोल व थंड, राजगिरा वाळूहून बारीक, बोटांच्या फटींतून पाण्यासारखा वाहणारा, हरभरा टोंकदार, चिंचोके चकचकीत व जड. परातींत ज्वारी ओतून तींत एक पितळी भातुकलीची वाटी लपवावयाची आणि ती त्यानें शोधावयाची, एवढाच खेळ. पहिल्या दिवशीं त्यानें एक बोट घातलें. आठव्या दिवशीं मनगट. एका महिन्यानें दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारींत घालून तो स्वस्थ बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी शांति होती ती आमच्यापैकीं कोणीं पूर्वीं पाहिली नव्हती.

एक इशारा देतों. गुजरींत सोनारांकडे एके काळीं तोलासाठीं वापरली जाणारी लाल गुंज दिसावयास फार मोहक. मुलांच्या खेळांत ती सहज येते. ती विषारी आहे, व चावून गिळल्यास प्राणघातक ठरूं शकते. तिला घरांतून हद्दपार करावें. हरभरा, चिंचोके, मणी हे नाकांत, कानांत, घशांत जातात. खेळ चालूं असतां मोठें माणूस जवळून हलतां कामा नये. आवाज करणाऱ्या खेळण्यांतील बटणाएवढी विजेची घडी गिळली गेली तर अन्ननलिका थोड्या तासांत जळते. तयार खेळणें घेतांना त्यावर मानक संस्थेची खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत ती सक्तीची आहे.

महाद्वार रोडवरील एका दुकानांत मला लांकडी ठोकळ्यांत बसणाऱ्या दट्ट्यांचा संच दिसला. दुकानदार म्हणाला, “हे हुशार मुलांसाठीं असतंय, माँटेसरीचं.” त्याला मीं कांहीं सांगितलें नाहीं, पण हा इतिहास वाचकांस ठाऊक असावा. सन १८०० च्या सुमारास फ्रान्सच्या अरण्यांत सांपडलेल्या, न बोलणाऱ्या एका मुलास शिकविण्याचा यत्न इतार नामक वैद्यानें कांहीं वर्षें केला. त्याचा शिष्य सेगँ यानें, ज्यांस त्या काळीं लोक वेड्यांत काढीत अशा मुलांसाठीं, स्पर्श व दृष्टि यांस वळण लावणारीं साधनें तयार केलीं. मारिया माँटेसरी या वैद्यक शिकलेल्या बाईंनीं रोममध्यें अशाच मुलांवर काम करतांना या दोघांचे ग्रंथ स्वहस्तें भाषांतरून काढिले, आणि मगच १९०७ सालीं सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें बालगृह उघडलें. म्हणजे सुशिक्षितांच्या घरांतून प्रतिष्ठेनें मिरविणारे हे दट्टे व खरखरीत अक्षरें मूळचीं आमच्या नातवासारख्या मुलांचीं. सशक्त मुलांस तीं मागाहून मिळालीं.

माँटेसरीबाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या. त्यापूर्वींच, १९२६ मध्यें, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघ काढला होता. पुढें ताराबाईंनीं १९४५ मध्यें बोर्डीस व १९५७ मध्यें कोसबाडास काम नेलें तेव्हां महागडे दट्टे दूर सारून शंख-शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें केलीं. मला तर ही रदनिकेचीच गाडी वाटते. मीं दट्टे घेतले नाहींत. भातुकलीचीं झांकणें व डबे यांवर काम भागलें.

आतां जड वस्तूंची गोष्ट. बाईंनीं लिहिलें होतें, “ढकलणें, ओढणें, उचलून नेणें.” हें वाचून कोल्हापूरकरास तालीम आठवणार नाहीं तर काय! शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबाग मैदान बांधिलें तें गांव हें. एके दिवशीं सकाळीं मी नातवास घेऊन ओळखीच्या वस्तादांच्या तालमींत गेलों. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास दारापर्यंत येतो. गर्दी नव्हती, गोंगाट नव्हता. दोन पोरें हौद खणीत होतीं. वस्तादांनीं एक लहानसें मातीचें पोतें पुढें ठेवून म्हटलें, “ढकल, पैलवान!” त्यानें ढकललें. पुन्हां ढकललें. जेथें जेथें तो स्नायूंवर जोर देई तेथें तेथें त्याची हातांची फडफड कमी होई. हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. घरीं आतां त्यास एक ठराविक काम आहे. रोज सायंकाळीं पाण्याची लहान कळशी तुळशीपर्यंत न्यावयाची. कळशी किती भरावी हें बाई ठरवितात.

झोंका विकत आणावा लागला नाहीं. आमच्या सोप्यांत कड्यांचा जुना झोंपाळा आहे. सरळ, संथ झोंक्यानें मूल शांत होतें. गरगर फिरविल्यास उलट खवळतें. आणि चेहरा पांढरा पडला वा घाम आला तर तत्काळ थांबावें, एवढें आम्हांस शिकविण्यांत आलें.

लोकरीच्या फडक्यासाठीं धनगरी घोंगडें आणलें; तें त्यानें भिरकावून दिलें. वाकळ मात्र त्यास मनापासून आवडली. ही वाकळ आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आजीनें, आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. ती अंगावर घेतली कीं तो निमूट पडतो. परदेशांत अशींच वजन घातलेलीं पांघरुणें विकतात. त्यांविषयीं मात्र खरें तें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत अशा ६७ मुलांवर प्रयोग होऊन २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत झोंप कांहीं वाढली नाहीं, परंतु मुलांस व आईबापांस तें पांघरूण आवडलें. तान्ह्या मुलांवर वजनाचें पांघरूण घालणें तर धोक्याचेंच. अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनेंहि २०१२ मध्यें असेंच बजाविलें कीं, या इंद्रियोपचारांचा पुरावा अद्याप अपुरा आहे. काय साधावयाचें तें आधीं ठरवून, कांहीं काळानें तें साधलें कीं नाहीं हें तपासावें. मला हा सल्ला शाळामास्तराच्या जातीचा वाटला. मीं एक वही केली आहे. तारीख, खेळ, मिनिटें, आणि काय घडलें. घोंगड्यापुढें फुली आहे, ज्वारीपुढें बरोबरची खूण, आणि फुंकण्याच्या पिपाणीपुढें गेले सहा महिने प्रश्नचिन्ह.

व्यवसायोपचार हें शास्त्र आपल्याकडे आणण्याचें श्रेय एका महाराष्ट्रीय सुनेस आहे. जन्मानें अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विषयाची शाळा काढिली व १९५२ मध्यें अखिल भारतीय संघ स्थापिला. आमच्या बाईंनीं यांचें नांव घेतलें तेव्हां कानाच्या पाळीस हात लावला, जसे गवई गुरूचें नांव घेतांना लावतात.

आतां कठीण भाग. सामान जमलें, अर्धा तास कोणीं द्यावयाचा? एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, पण प्रत्येकास वाटतें कीं दुसरें कोणी तरी बसलें असेल. प्रथम सारा भार सूनबाईवर पडला आणि ती दोन महिन्यांत थकून गेली. मग आम्हीं शाळेप्रमाणें वेळापत्रक भिंतीवर लाविलें. सोमवारीं आजोबा, मंगळवारीं काका, असें. पुरुषांनींहि ज्वारींत हात घालून बसावें याचें प्रथम हंसूं झालें. आतां कोणी हंसत नाहीं.

वहिनींचा विरोध निराळा होता. चार लोकांत नेऊन मुलाचें हसें कां करून घ्यावें, असें त्यांचें म्हणणें. लग्नामुंजींस तो घरीं राही व त्याच्यापाशीं त्या राहत. त्यांस मी दोष देत नाहीं. शहरांतील एका बालवर्गानें “इतर पालकांस आवडणार नाहीं” असें सांगून त्यास परत पाठविलें, तो कागद त्यांनींच वाचला होता. ज्या गांवांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, त्याच गांवांत हें घडलें. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत अवघे ७ प्रकार मोजले होते व त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यांत २१ आहेत व त्यांत ती आहे. कायदा पुढें गेला, शेजारपाजार अजून वाटेंत आहे. तरी वाट पाडणारी माणसेंहि याच गांवची. नसीमा हुरजूक यांनीं चाकांच्या खुर्चींत बसून १९८४ सालीं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. शेंडा पार्कांत ‘चेतना’ची शाळा मतिमंद म्हणविल्या जाणाऱ्या मुलांस सन्मानानें शिकविते. वहिनींस मीं एकदां तेथवर नेलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परततांना रिक्षांत त्यांनीं नातवाच्या मापाविषयीं विचारिलें व पुढच्याच आठवड्यांत ती वाकळ शिवावयास घेतली.

तेव्हांपासून आम्ही त्यास हिंडवितों, पण वेळ पाहून. अनंतचतुर्दशीची मिरवणूक आणि तिचे भोंगे त्याच्यासाठीं नाहींत. रंकाळ्यावर अगदीं पहांटे, जेव्हां पाण्यावर फक्त पांखरांचा आवाज असतो. चप्पल लाइनींत दुपारीं, जेव्हां दुकानदार पेंगत असतात. तेथील हिरड्या-बाभळींत कमावलेल्या चामड्याचा वास त्यास विलक्षण आवडतो. चपला नाकाशीं धरतो. एक दुकानदार पहिल्यांदां रागावला, आतां तो कातड्याचा तुकडा काढून ठेवतो. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत ब्रह्मपुरीच्या टेकडींत सांपडलेला कांशाचा हत्ती आहे, त्यावर स्वार बसलेले. तो देवाचा कीं खेळावयाचा, हें पंडितांनीं ठरवावें. आमच्या पंडितानें कांचेवर नाक टेंकून निकाल दिलेला आहे.

कुंभारणीचें बोलावणें मीं विसरलों नव्हतों. ज्वारीनंतर राजगिरा, मग कोरडी वाळू, मग चमच्यानें कालविलेली ओली वाळू, असें करीत करीत भाद्रपद उजाडला. गणपतीची घाई सरल्यावर त्यास तिच्याकडे नेलें. तिनें चाक फिरविलें. तो चाकाकडे एकटक पाहत राहिला, कारण गरगर फिरणें हा त्याचाच प्रांत. पण हात लाविला नाहीं. तिनेंहि आग्रह केला नाहीं. एक लहानसें बोळकें करून ओलेंच त्याच्यापुढें ठेविलें आणि आपल्या कामास लागली.

दिवाळींत आमच्या वाड्यांतील पोरांनीं नेहमींप्रमाणें अंगणांत किल्ला घातला. दगड, विटा, पोतीं, वर चिखलाचा लेप, आणि त्यावर पेरलेले अळीव. तीन दिवस आमचा प्रवासी सोप्याच्या खांबाआडून पाहत होता. चौथे दिवशीं सकाळीं, पोरें लेप देत असतां, तो खालीं उतरला, किल्ल्यापाशीं गेला, आणि नुकत्याच सारवलेल्या ओल्या भिंतींत त्यानें आपलें बोट मुळापर्यंत खुपसलें. मग बाहेर काढून त्याकडे पाहिलें. रडला नाहीं. शेजारींच दुसरें भोंक पाडलें, मग तिसरें, आणि तिन्ही बोटानें ओढून एक करून टाकलीं. सबंध तट फाटला. वहिनी हातांतली कणीक तशीच घेऊन दारांत उभ्या होत्या. पोरें आतां ओरडणार म्हणून मी पुढें झालों. पोरांतील थोरल्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “हात लावू नका कुणी. ही पावनखिंड आहे.” आणि त्यांनीं तिच्या तोंडाशीं बाजीप्रभूंचा मावळा उभा केला.